भरडवाडीची आगगाडी

गुणाजी घाडी यांच्याशी माझं भांडण झालं ते पाव इंचावरून. भांडण मी केलं, चूकही माझीच होती, आणि ती कबूल करायला मला चार महिने लागले. माझा स्वभाव तेव्हा तसाच होता. आजही फार सुधारलाय असं घरात कुणी म्हणत नाही.

मी तेव्हा घाटकोपरला दोन खोल्यांत राहायचो आणि फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या हपिसात ट्रेसर होतो. दिवसभर इमारतींचे नकाशे गिरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन वाफेचं इंजिन घडवायचं, असा माझा क्रम. इंजिन हातभर लांबीचं, तांब्याच्या बॉयलरचं, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं. पुरी दोन वर्षं ते आमच्या पलंगाखाली घडत होतं. माझी बायको उत्तरा शेजारणींना सांगायची, आमच्याकडे तीन माणसं आहेत, दोघं जेवतात आणि एक नुसतं तेल पितं. अडचण एकच होती. इंजिन होत आलं होतं, पण ते चालवायला रूळ नव्हते. दोन खोल्यांत रूळ टाकणार कुठे?

१९५५ च्या दिवाळीनंतर साकीनाक्याच्या एका शेडमध्ये मी इंजिनाची चाकं लेथवर कातून घ्यायला गेलो होतो. तिथे साठीचा एक काटक माणूस लोखंडी पट्ट्या सरळ करून घेत बसला होता. माझ्या हातातलं चाक त्याने मागून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि ह्याला वाफ लागणार का, असं विचारलं. हेच गुणाजीदादा. घाटात रेल्वेच्या गँगचे मुकादम होते. रूळ टाकणं, सरळ करणं, तपासणं यातच सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर मुलुंडला एका बंगल्याची वाडी राखायचं काम त्यांना मिळालं. मालक शहरात राहायचे. बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत गुणाजीदादांनी चार वर्षं खपून छोटी रेल्वे लाईन टाकली होती, पण तिच्यावर चालवायला त्यांच्याकडे इंजिन नव्हतं. आम्ही दोघे एकमेकांकडे कसे बघत राहिलो असू, याची कल्पना करा.

मी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, विचारलं. ते म्हणाले, तीन इंच, आणि रुळाची पट्टी दोन सूत जाडीची. दोन सूत म्हणजे पाव इंच. मी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं आणि त्या मापाने चाकं जोडणारे आस कातायला टाकले.

पुढे वर्षभर त्यांची कार्डं येत राहिली, की एकदा लाईन बघायला तरी ये. मी गेलो नाही. रिकाम्या हाताने जाऊन दुसऱ्याचे रूळ बघत उभं राहायचं, हे माझ्या नाकाला झोंबणारं होतं. इंजिन पुरं झालं तेव्हा एका रविवारी ते पिशवीत घालून मुलुंडला गेलो.

ती लाईन मला अजून डोळे मिटले की दिसते. विहिरीच्या कठड्यापाशी पत्र्याची पाटी, पनवेल. तिथून शेवग्याखालून वळण घेत चिपळूण, मग कर्दळीच्या ओळीमागून राजापूर, पाण्याच्या दगडी दोणीच्या पुढे कणकवली आणि पेरूच्या झाडाखाली शेवटचं स्टेशन, भरडवाडी. दीडशे फुटांची एकेरी लाईन. खोक्यांच्या लाकडाचे स्लीपर, बारीक खडी आणि केसभरही इकडे-तिकडे नसलेले रूळ. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. मुंबईहून गावी जायचं तर बोटीने जायचं, नाही तर एस्टीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. भरडवाडी हे गुणाजीदादांचं गाव. दुसऱ्यांच्या गावाला जाणारे रूळ त्यांनी तीस वर्षं सांभाळले, आणि आपल्या गावाची लाईन मुलुंडच्या परसात टाकली.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मालकांनी जागा विकली होती. शिमग्याला वाडी रिकामी करून द्यायची, मग तिथे इमारत उठणार. ते आणि त्यांची बायको, सुगंधावहिनी, कायमचे गावी जाणार होते. त्याआधी एकदा तरी भरडवाडीला गाडी पोचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. वहिनी घावने करता करता हसून म्हणाल्या की रोज सकाळी हे उठून लाईन तपासतात, जशी काही मेल यायचीय.

मी इंजिन पनवेलला रुळांवर ठेवलं. दोन्ही बाजूंची चाकं रुळांच्या आत घसरली आणि खट्‌कन स्लीपरवर बसली.

गुणाजीदादांनी कंबरेला खोचलेली लोखंडी मापपट्टी काढली. रुळांमध्ये धरली, बरोबर तीन इंच. मग चाकांना लावली. दोन सूत कमी. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या हपिसात खांबांमधलं अंतर मोजायचं ते या खांबाच्या मध्यापासून त्या खांबाच्या मध्यापर्यंत. दहा वर्षं हाताला तीच सवय. रुळांचंही मी तसंच धरलं होतं, मध्यापासून मध्यापर्यंत तीन इंच.

इथे शहाण्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला असता. मी त्यांनाच विचारलं, माप आतून घ्यायचं हे तुम्ही सांगायला नको होतं?

“आतसूनच घेतत,” ते हळूच म्हणाले. “ह्या काय सांगूक व्हया?”

माझा तोल गेला. दोन वर्षांची मेहनत स्लीपरवर लंगडी होऊन पडली होती, आणि हा माणूस बरोबर होता, याचाच मला राग आला. मी म्हणालो, “मातीत चार पट्ट्या पुरल्या म्हणून कुणी रेल्वे होत नाही.”

मापपट्टी धोतराला पुसून त्यांनी पुन्हा कंबरेला खोचली. वहिनींनी पुढे केलेली घावन्यांची ताटली तशीच ठेवून मी निघालो.

घरी सगळी हकिगत ऐकून उत्तराने एवढंच विचारलं, की रुळांच्या आत चाकाची कड बसते ना, मग माप आतूनच नको का? जे तिला अर्ध्या मिनिटात कळलं ते मला वर्षभरात कळलं नव्हतं. मी तिच्यावरही डाफरलो.

दुसऱ्या आठवड्यात मी साकीनाक्याला गेलो. लेथवाला म्हणाला, नवे आस, नवे दांडे, सिलिंडर उतरवून पुन्हा जुळवणी, वैशाख उजाडेल. वाडी तर शिमग्याला जाणार होती. मुलुंडला पत्र टाकायला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा पत्रात सबबी उतरल्या, चूक काही उतरली नाही. दोन्ही पत्रं फाडली.

माघ संपता संपता कार्ड आलं. मोडीच्या वळणाची ठसठशीत अक्षरं, एकच ओळ: रूळ सरकवला, इंजन घेऊन येणे.

मला आधी खरंच वाटेना. गेलो तर गुणाजीदादा भरडवाडीजवळ पोत्यावर बसून शेवटचे खिळे ठोकत होते. डावा गुडघा त्यांचा घाटातच कामातून गेला होता, वाकून बसता येत नसे. वहिनींनी सांगितलं, पोतं पुढे सरकवत रोज पाच-सात फूट करायचे. एका बाजूचा संपूर्ण रूळ उपटून दोन सूत आत घेतला होता. खिळे नऊशेच्या वर. मापाला एक लाकडी तुकडा कापला होता, पावणेतीन इंचांचा. लोखंडी मापपट्टी कंबरेला नव्हती.

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर रूळ कशाला हलवलात?

“जल्मभर वाकडी लाईन सरळ केलंय,” ते खिळ्यावरची नजर न काढता म्हणाले. “सरळ होती ती पयल्यांदाच बिघडवलंय. तुझा इंजन चलाक व्हया ना?”

ज्या माणसाने अर्ध्या सुताचा फरक कधी खपवून घेतला नाही, त्याने माझ्या चुकीच्या मापाने आपली अख्खी लाईन चुकवली होती.

पाणी भरलं, दिवा पेटवला. वाफ धरेपर्यंत गुणाजीदादांनी पनवेलला नारळ ठेवला आणि टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घाडी घराण्याचाच. बा देवा म्हाराजा, आज तुझ्या गावाक आगगाडी येता, वाटेत खंय आडखळ आसात तर ती दूर कर, ह्या मार्तंडाच्या हाताक यश दी. मार्तंड म्हणजे मी. वहिनी आणि मी म्हणालो, होय म्हाराजा. नवसाला कधी न गेलेला मी, मनापासून म्हणालो.

इंजिन निघालं. डुलत, थुंकत, पण रुळांवर. चिपळूण गेलं. राजापूरच्या चढावर ते दमून थांबलं. मी बोटाने ढकलायला वाकलो तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, आपल्या वाफेन जाऊंदे. आम्ही तिघे वाट बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने चाकं पुन्हा हलली. कणकवली गेलं.

तोवर गुणाजीदादा लंगडत पुढे जाऊन भरडवाडीला उभे राहिले होते, रुळांपासून चार हात बाजूला, हिरवा बावटा धरून, गँगचा माणूस गाडी जाताना उभा राहतो तसे. तीस वर्षं त्यांच्या पुढून गाड्या न थांबता गेल्या होत्या. ही पेरूखालच्या पाटीपाशी येऊन थांबली. ते खाली बसले, दोन्ही हातांनी बावटा तोंडावर धरला आणि रडले. मीही रडलो, आणि धूर डोळ्यांत गेल्याचं वहिनींना सांगितलं.

स्पिरिट संपेपर्यंत आम्ही अकरा फेऱ्या केल्या. घावने मी या वेळी सात खाल्ले. जे बोलायला हवं होतं ते मात्र बोललो नाही.

ते भाऊच्या धक्क्यावर बोललो. बोटीचा भोंगा झाला होता, वहिनी ट्रंक घेऊन पुढे गेल्या होत्या. गुणाजीदादांनी कागदात गुंडाळलेली लोखंडी मापपट्टी माझ्या हातात ठेवली. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, “दादा, चूक माझी होती.”

“माका ठावक आसा,” ते म्हणाले. “तू कधी सांगतंस ता बघी होतंय.” आणि माझ्या पाठीवर थाप मारून फळीवरून बोटीवर चढले. पुन्हा आमची भेट झाली नाही. मुलुंडला इमारत उभी राहिली, आणि पुढे खूप वर्षांनी कोकणात खरी रेल्वे गेली, तेव्हा ते नव्हते.

इंजिन अजून माझ्याकडे आहे. आमच्या छांदिष्ट मंडळींतले लोक दर वेळी म्हणतात, मार्तंडराव, पाव इंचाची तर गोष्ट, आस बदला, म्हणजे आमच्या रुळांवर चालेल. मापपट्टी माझ्या टेबलावर असते आणि बाकी सगळं मी आता आतूनच मोजतो. ते आस मी बदललेले नाहीत.