हिरवी पेटी

आमच्या राहनाळच्या भजनी मंडळाचा अध्यक्ष चार पॉवरलूमचा मालक. सुरातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण अध्यक्ष तोच. माझे वडील गेले त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सुमारास, त्याने लूमला मारून उरलेला हिरवा ऑइलपेंट वडिलांच्या बाजाच्या पेटीला फासला. देवळात ठेवलेली ती वडिलांची स्वतःची सागवानी पेटी. वर पांढऱ्या अक्षरांत 'सप्रेम भेट' आणि खाली स्वतःचं नाव. दुसऱ्याच्या वस्तूची भेट देणारा दाता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"चकाचक केली हाय. आता जुनी कोन म्हनंल?" तो मलाच म्हणाला. रंग फटीत गेल्याने निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. त्याला त्याचं काहीच नव्हतं.

मला पेटी हवी होती ती भात्यासाठी. वीस वर्षं भाता ओढून वरच्या काठाला वडिलांच्या तळहाताने गुळगुळीत खळगा पाडला होता. तेवढाच त्यांचा हात शिल्लक होता, आणि त्यावरही या माणसाने रंग चढवला होता.

पट्ट्या मोकळ्या करतो म्हणून मी पेटी घरी आणली. लूमचं लाकूडकाम करणाऱ्या मिस्त्रीने रंग काढायचा रिमूव्हर दिला आणि बजावलं, "लगाके सबर करो. काच मत मारना, लकडी की चमडी निकल जाएगी."

सबुरी कुणाला होती? त्या नावाकडे पाहिलं की माझं डोकं फिरे. फुटक्या काचेने मी आधी नाव खरवडलं, मग फळ्या, मग भाता. दात-ओठ खात खरवडत होतो. वर पॉलिशपेपर, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, कापसाच्या बोळ्याने एकावर एक हात. सागवान मधासारखं उजळलं. मी मनातल्या मनात त्या गाढवाला चार शिव्या आणखी हासडल्या.

पेटी देवळात नेली. अध्यक्षाने फिरवून फिरवून पाहिली. "आयला, नवीच दिसते. आता नाव कुठं टाकू?"

उत्तर द्यायच्या आधी मी सवयीने भात्याच्या काठावर हात ठेवला. काठ सरळ होता. खळगा कुठेच लागेना.

त्या मूर्खाने निदान तो झाकून ठेवला होता. खरवडून काढला तो मी.