चिरेखाणीतल्या रोमचा शेवटचा टेक

आमचा ग्लॅडिएटर काल खरंच गेला.

सुदेश. रत्नागिरीत रिक्षांची सीट कव्हरं शिवणारा आमचा सुद्या. दुपारी दुकानातच छातीत कळ आली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे काय जायचं वय आहे का रे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुद्या प्राचीन रोमवर पिक्चर काढत होता. हो, रोमवर! आमच्या वाडीजवळच्या बंद चिरेखाणीत, जिथून पूर्वी जांभ्याचे चिरे काढायचे.

"चारी बाजूंनी उभ्या भिंती, मध्ये मैदान. रोमवाल्यांना बांधायला लागलं, आपल्याला आयतं मिळालंय!" सुद्या म्हणायचा.

चिलखतं रिक्षाच्या रेग्झिनची, त्यानेच शिवलेली. ढाली म्हणजे टोपांची झाकणं. प्रेक्षक म्हणजे अख्खी वाडी, पांढऱ्या चादरी गुंडाळून.

जांभ्याच्या धुळीने पहिल्याच दिवशी सगळे रोमन लालभडक.

लढणारे सगळे आमच्या नमन मंडळातले, म्हणजे गावात नमनाची सोंगं काढणारे. घोळ तिथेच झाला.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. सोंगात जो मरतो, त्याला मारणाऱ्यानेच हात देऊन उठवायचं. "ऊठ, घरी जाऊया" म्हणायचं. त्याला तसंच पडलेलं ठेवायचं नाही.

त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कुणी मेला की "कट" व्हायच्या आधीच मारणाऱ्याचा हात पुढे!

सुद्या डोक्याला हात लावायचा. "अरे मेल्यांनो, रोममध्ये असं नव्हतं! मेला तो मेला!"

ग्लॅडिएटर सुद्याच, आणि शेवटचा सीन त्याच्या स्वतःच्या मरणाचा. मारणारा मी.

तो पडला.

आणि माझा हात गेलाच. "ऊठ सुद्या, घरी जाऊया."

उठला. धुळीने माखलेला, हसत हसत शिव्या देत. "वाट लावलीस ना! आता परत मरायला लागणार मला."

मग पाऊस लागला, खाणीत पाणी भरलं. रिटेक पावसाळ्यानंतर ठरला.

तेवढा एक शॉट राहिला होता. दिवाळीत वाडीत पडदा लावून आईला पुढे बसवून पिक्चर दाखवायचा, एवढंच त्याला हवं होतं.

काल त्याला ओटीवर ठेवलं होतं. काकी, म्हणजे त्याची आई, रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू उठव रे त्याला. तुझ्या हाताने उठतो तो."

मी हात धरला.

बोललोसुद्धा.

नाही उठला रे.

आज एडिटिंग करणारा मित्र विचारत होता, "शेवटचं काय करूया? डुप्लिकेट घेऊन रिटेक?"

नाही. तोच बिघडलेला टेक दाखवायचा.

रोममध्ये असं नव्हतं, ठाऊक आहे. नसू दे. दिवाळीत पडद्यावर आमचा सुद्या पडेल, आणि माझा हात धरून उठेल. काकी पुढच्याच रांगेत असेल.

सुद्या, शिव्या घालायच्या तर घाल हव्या तेवढ्या. मी ऐकून घेईन.

तुला शेवटचा नमस्कार, मित्रा.