फुफूचा मान

आमच्या घराण्यात निकाहाच्या वेळी नवरी बोलत नाही. वकील म्हणून मामा दोन गवाह घेऊन बायकांच्या खोलीत येतो आणि कबूल आहे का विचारतो. नवरी ओढणीखाली गप्प बसते. तिच्या डोक्यावर हात ठेवून फुफू, म्हणजे बापाची बहीण, ‘हां’ म्हणते. हा फुफूचा मान. माझ्या फुफूने तो घेतला तेव्हा मी नववीत होते. त्या बाईवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

बोईसरजवळ मी अंगणवाडी सेविका आहे. कोवळ्या पोरींची लग्नं ठरली की आईबापांची डोकी खायची, ऐकलं नाही तर वर कळवायचं, हे माझं कामच. आणि माझ्याच भावाने माझ्या भाचीचा निकाह ठरवला. पोरीने नुकतीच दहावी दिलेली.

“रुखसती, पाठवणी मागाहून करू,” भाऊ म्हणाला. “आता नुसता निकाह, घरच्या घरी. मुलगा दुबईला चाललाय.”

“कायद्यात अठरा म्हणजे अठरा. नुसता-बिसता काय नसतो.”

“तुझा कायदा तुझ्या अंगणवाडीत. आपल्या दीनमध्ये, धर्मात, वय नाय बघत.”

“दीनमध्ये पोरीला विचारतात. तू विचारलंस?”

“ते तुमी बायका बघा. तू फुफू हायस, तुझा मान घे आणि गप बस.”

मी तोंडावर सांगितलं, आमच्या पर्यवेक्षिकाबाईंना फोन केलाय, शुक्रवारी दुपारी त्या येतील. भावाने शहाणपणा केला. जुम्म्याच्या नमाजानंतरचा निकाह त्याने सकाळवर आणला. मला कळलं तेव्हा भाभीने सांदणं उकडायला लावली होती. मी बाईंना पुन्हा फोन लावला. त्या पालघरहून निघाल्या, पण मौलाना आधीच येऊन बसले होते.

मामा आत आला. त्याने विचारलं. माझा हात भाचीच्या डोक्यावर होता. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी हात काढला आणि तिची ओढणी वर केली.

“तुला विचारतायत. तू बोल.”

“अगो, रीत हाय ती,” भाभी पुटपुटली. मी तिच्याकडे बघितलंही नाही. पोर गप्प. नवरीचं गप्प राहणं आमच्यात होकारच धरतात, आणि मामा वळायला लागला होता.

“नाय, मामू,” ती म्हणाली. “मला नाय करायचा. मला अकरावीला जायचाय.”

मामाने बाहेर जाऊन ते तसंच्या तसं सांगितलं. मौलानांनी वही मिटली. म्हणाले, मुलगी नको म्हणते, मी निकाह पढवणार नाही. भाऊ तडक माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“तुला फुफू म्हणून बसवलं होतं.”

“म्हणूनच बसले होते,” मी म्हटलं.

बाई पोचल्या, त्यांनी भावाला नीट समज दिली आणि अठरापर्यंत लग्न करणार नाही असं लिहून घेतलं. तेव्हापासून भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय. घरातल्या निकाहांत मला आता मानाला कोणी बसवत नाही. भाचीला पालघरच्या कॉलेजसाठी स्टेशनवर सोडायला मात्र तोच रोज स्कूटर काढतो. अंगणवाडीवरून जाताना मान वळवत नाही. मागे बसलेली ती ‘फुफू’ म्हणून मोठ्याने हाक मारते. तो तिला गप्प बस म्हणतो, आणि ती बसत नाही.