खंडेनवमीचा चकचकीत गेज

‘सोप्या भाषेत सांगा’ असं कुणी म्हटलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणणाऱ्याला खरंच समजून घ्यायचं असतं, हा माझा भाबडा समज अंबडच्या एका कारखान्यात कायमचा मोडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवायचो. मी क्वालिटीत होते, आख्ख्या शॉपमध्ये एकटी बाई. दिवाळीच्या तोंडावर गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडून माल परत आला. भोकं लहान, शाफ्ट आत जाईना. मॅनेजरसाहेबांनी अर्ध्या तासात गुन्हेगार शोधला: त्या मशीनवरचा देवळ्याकडचा ऑपरेटर. नुकतंच लग्न झालेलं, टेम्पररी, दिवाळीनंतर पर्मनंट व्हायचा होता. “न तपासताच टाकतो हा. काढा त्याला,” साहेब म्हणाले.

तो माझ्या टेबलापाशी आला. “म्याडम, आईची आण, एकेक नग गेज घालूनच टाकतो मी.”

गेज म्हणजे मापाचा पोलादी दांडा. भोकात गेला तर भोक ठीक, अडला तर लहान. मी परत आलेला माल आणि गोदामातला जुना माल, दोन्ही मोजून काढले. दसऱ्याआधीचा सगळा ठीक. दसऱ्यानंतरचा सगळा बिघडलेला, आणि तोही दोन्ही पाळ्यांचा. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर वेगळा, पण गेज तोच, आणि मशीनही त्याच गेजवर जुळवलेलं. म्हणजे दोष माणसाचा नव्हता, मापाचा होता.

मी आलेख काढले, ट्रान्सपरन्सी केल्या, प्रोजेक्टर लावला. सरासरी, विचलन, नियंत्रणरेषा, सगळं मांडलं. मॅनेजरसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, “मॅडम, रांगोळी झकास आलीय!” मालक खो खो हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “बाई, आम्ही साधी माणसं. सोप्या भाषेत सांगा की.”

साधी माणसं म्हणे! गिऱ्हाइकाने भावात साखरेच्या दाण्याएवढी सूट मागितली तर यांना बरोबर कळायची. पण म्हटलं, ठीक आहे, घ्या सोप्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी आलेख घरीच ठेवले. मालकांच्या टेबलावर परत आलेला एक नग ठेवला आणि शेजारी दोन गेज: मशीनवरचा आणि टूलरूममध्ये कुलपात असलेला, कुणी न वापरलेला. म्हटलं, “तुम्हीच घालून बघा.” मशीनवरचा सुळकन आत गेला. कुलपातला तोंडाशीच अडला. मालकांनी पुन्हा घातला, पुन्हा अडला.

“हा एवढा चकाकतो कसा?” मशीनवरचा गेज खिडकीकडे धरून त्यांनी विचारलं. मुठीच्या खाचांत अजून हळदकुंकू होतं.

“खंडेनवमीला पूजेत मांडायचा म्हणून मॅनेजरसाहेबांनी स्वतः पॉलिश पेपरने घासला,” मी म्हटलं. “सगळ्या शॉपने पाहिलंय. घासला म्हणून बारीक झाला. बारीक झाला म्हणून लहान भोकातही जातो. त्या ऑपरेटरने तपासूनच माल टाकला, पण मापच खोटं होतं.”

आता यापेक्षा सोपं काय असतं? बालवाडीतल्या पोरालाही कळलं असतं. यांनाही कळलं, चांगलंच कळलं. मॅनेजरसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “देवाधर्मात खोट काढता? तुमच्या घरी शस्त्रपूजा होत नाही वाटतं!”

“होते. पण आमच्याकडे विळीला हळदकुंकू लावतात, तिची धार घालवत नाहीत,” मी म्हणाले.

मालकांनी हात वर करून दोघांना थांबवलं. नवा गेज लगेच मागवा, म्हणाले. मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, “बघा बाई, सोप्या भाषेत सांगितलं की कसं चटकन समजतं!”

“मग त्या ऑपरेटरचं?”

“त्याचं आता राहू द्या. जबाबदार माणसाला काढलं म्हणून कंपनीला कळवून झालंय. आता आमच्याच मॅनेजरने गेज घासला असं सांगायचं? हसतील लोक.”

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी देणारे चहा मागवत होते. मला त्या टेबलावरचं सगळं भिरकावून द्यावंसं वाटलं. मी दोन्ही गेज उचलले आणि बाहेर आले. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे आई सांगायची. पण ही माणसं तर जागी होऊन, सगळं बघून पुन्हा कुशीवर वळली होती.

संध्याकाळी तो गेटबाहेर थांबला होता, डब्याची पिशवी हातात. आत काहीतरी झालं एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

“म्याडम, तुम्ही सांगितलं ना त्यांना?”

“सांगितलं.”

“समजलं का मग?”

“समजलं. सगळ्यांना समजलं.”

त्याचा चेहरा उजळला. “मंग उद्या येऊ ना कामावर?”