दोन चमचे तीर्थ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हालाच का सांगतोय? — चीड आलीय म्हणून. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

नव्वदीनंतर उज्जैनमध्ये गल्लोगल्ली नर्सिंग होम निघाली आणि भूल देणारे आम्ही मोजकेच. स्कूटरला बॅग अडकवायची आणि माधव नगरातून देवास गेट गाठायचं, हेच दिवसभर. त्या दिवशीही तिकडे एक सर्जन माझ्यासाठी खोळंबले होते. आणि इथे टेबलावर दिघेकाका — रेल्वेतून रिटायर झालेले, हर्नियाचं साधं ऑपरेशन. जिना चढताना छातीत भरून येतं, असं ते स्वतः मला म्हणाले होते. मी ऐकलं — आणि कागदावर उतरवलं नाही.

अशा माणसाला भूल सावकाश द्यायची असते. पाठीत बारीक नळी ठेवून, औषध थोडं थोडं सोडत. त्याला वेळ लागतो. नळी बॅगेत होती, ती बॅगेतच राहिली. मी सुई टोचून सगळं औषध एकदम दिलं. ब्लड प्रेशर धाडकन खाली आलं. प्रेशर पडलं की हृदयाच्या स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना रक्त पुरत नाही — हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! आम्ही खूप धडपडलो. काका गेले.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तरी —

बाहेर काकू उभ्या होत्या. मी काय विचारावं? "सकाळी काही दिलं होतं का त्यांना?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "महाकालाचं तीर्थ... दोन चमचेच हो, डॉक्टरसाहेब. और कुछ नहीं."

आमच्याकडे ऑपरेशनला जाणाऱ्याला तीर्थ कोण देत नाही? दोन चमच्यांनी काही होत नाही, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "पाण्याचा थेंबही नको म्हणून बजावलं होतं ना?" आणि स्कूटरला किक मारून देवास गेटला गेलो.

दोनेक वर्षांनी टावर चौकाजवळ एका ओळखीच्या घरी सत्यनारायण होता. काकू माझ्या शेजारीच उभ्या. भटजी तीर्थाची पळी घेऊन आले, तशा त्यांनी हात पदराआड घेतला. "मला नको," म्हणाल्या.

भटजी माझ्याकडे वळले. मी हात पुढे केला, तीर्थ प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.