फाटकावरच्या बाबांचे वय

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात माझी छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर नोएडात फ्लॅट घेतला आणि मसुदे संपले, तेव्हा मी सोसायटीला पत्रे लिहू लागलो. बायको म्हणे, "तुमच्या पत्रांना उत्तर कधी येत नाही, नुसती पोच येते." ते खरे होते. पोच मात्र मी सोडत नसे.

त्यातली तीन पत्रे सोसायटीच्या सचिवाविषयी होती. चाळिशीतला, तरतरीत माणूस. लिफ्टसमोर उभा राहून सिगारेट ओढायचा. माझ्या बायकोला दमा आहे. सार्वजनिक जागी धूम्रपानास कायद्याने मनाई आहे आणि लिफ्टसमोरची जागा सार्वजनिक कशी ठरते, हे मी तिन्ही पत्रांत सविस्तर मांडले होते. तिन्हींची पोच मिळाली. पोचेवर सही सचिवाचीच होती.

चौथे पत्र मी त्याच संतापात लिहिले, पण ते फाटकावरच्या पहारेकऱ्याविषयी. त्याची केबिन आमच्या पहिल्या मजल्यावरील बाल्कनीच्या अगदी खाली. रोज सकाळी आधी विडीचा धूर वर येई, मागोमाग त्याचा खोकला. पांढरे केस, आत गेलेले गाल, वाकलेली पाठ. मी त्याला बाबा म्हणत असे. "राम राम, बाबा," म्हटले की तो उठू पाहायचा आणि मी त्याला हातानेच बसवायचो. वडीलधाऱ्या माणसाला आपल्यासाठी उभे करणे बरे दिसत नाही. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो.

आमच्या शाखेत एक शिस्त होती. कोणतेही प्रकरण एकाच मुद्द्यावर उभे करायचे नाही. पहिला मुद्दा टिकला नाही तर पर्यायी मुद्द्याने तोलून धरले पाहिजे. विडीच्या मुद्द्याखाली मी हात चालेल तसा आणखी एक परिच्छेद जोडला: 'याखेरीज, सदर पहारेकऱ्याने वयाची साठी उघडच ओलांडलेली असून, पहारेकरी साठीच्या आतील असावेत या एजन्सीबरोबरच्या कराराचाही भंग होत आहे.' 'उघडच' हा शब्द दुसऱ्या कोणाच्या मसुद्यात आढळला असता, तर मी समासात लिहिले असते: पुरावा?

चार दिवसांत केबिनमध्ये नवा माणूस बसला.

"लागू पडलं म्हणायचं एकदाचं," बायको म्हणाली आणि तिने बाल्कनीचे दार उघडून ठेवले. मला समाधान वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

पाचव्या दिवशी बेल वाजली. दारात बाबा, अंगावर गणवेश नाही, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. एकच मजला चढून आला होता, तरी चौकट धरून किती तरी वेळ नुसता श्वास घेत राहिला. बायकोने त्याला खुर्ची आणि पाणी दिले.

"बाबूजी, आप कानून जानते हैं," तो म्हणाला. "किसी ने लिखकर दे दिया कि मैं साठ के ऊपर हूँ. मेरी तरफ से एक चिट्ठी लिख दीजिए."

मी त्याचे आधार कार्ड पाहिले. वजाबाकी केली, पुन्हा केली. पाचवीच्या शाळेचा दाखला होता, त्यावरही तेच वर्ष. तो बावन्न वर्षांचा होता. माझ्या सर्वांत धाकट्या भावाहूनही लहान.

"वह मैंने ही लिखा था," मी म्हणालो.

त्याने पेला खाली ठेवला. "बीड़ी के लिए?"

"हाँ."

"और उमर?"

मी आधार कार्ड त्याच्या हातात परत ठेवले. मग तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. "गाँव में भी सब काका ही कहते हैं. हमारी तरफ आदमी जल्दी पक जाता है, बाबूजी."

त्याची तरफ म्हणजे बुंदेलखंड. बाराव्या वर्षी तो दगडाच्या खाणीवर लागला आणि त्याच वर्षी विडीला. विडीने भूक मरते, असे त्याला बरोबरच्या माणसांनी शिकवले. पुढे गाझियाबादच्या एका कारखान्यात भट्टीसमोर वीस वर्षे. छाती भरली तेव्हा नोकरी गेली आणि हे फाटक मिळाले. मुलगी इथे बारावीत होती. हे फाटकही गेले, तर सगळ्यांना घेऊन गावी परतायचे. आणि गावात काम एकच, तीच खाण.

पंचवीस वर्षे मीही सिगारेट ओढली आहे. मंत्रालयात एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात सिगारेट, हा आमचा रुबाब होता. पंचेचाळिसाव्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि मला शाळकरी पोरासारखे झापले. मी सोडली. माझ्यावर रागावायला एक डॉक्टर होता, हे माझे कर्तृत्व नव्हे. याच्या वाट्याला खोकल्याच्या बाटल्या आल्या. संविधानाने आम्हा दोघांना कायद्यापुढे समान ठरवले आहे आणि करारातली साठीही दोघांना एकच. ती कोणत्या जिल्ह्यात मोजायची, हे मात्र कोणत्याही मसुद्यात लिहिलेले मी पाहिले नाही.

रविवारी सकाळी मी त्याला घेऊन समितीपुढे गेलो.

"अंकल, लेटर तो आप ही का है," सचिव म्हणाला. "साइन भी आपका."

"चूक माझी आहे. नोंद दुरुस्त करा. वय बावन्न."

"चलिए, बावन मान लिया. पर कोई चोर घुस आया तो ये तीसरी मंज़िल तक पहुँचेंगे? चढ़कर दिखा दें."

करारात वयाची अट आहे, जिन्याची नाही, एवढेच म्हणून मी थांबायला हवे होते. पण मला राग आला. "मी एकाहत्तरचा आहे, मीही चढतो," म्हणून मी उठलो आणि त्याला जिन्याकडे घेऊन गेलो. आयुष्यातली ती माझी दुसरी अविचारी शिफारस.

मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो, तेव्हा मागे पावले वाजत नव्हती. तो दुसऱ्या मजल्याच्या खाली पायरीवर बसला होता, ओठ निळसर. मी उतरून शेजारी बसलो. त्याच्या छातीतली शिट्टी मला स्पष्ट ऐकू येत होती.

"पहुँचे क्या?" खालून सचिवाने विचारले.

"बोल दीजिए, पहुँच गया," तो हळूच म्हणाला. "आपकी बात कौन काटेगा?"

मोह झाला. पण एका खोट्या वाक्याने त्याचे एवढे झाले होते, दुसरे मला लिहवले नसते आणि बोलवलेही नाही. त्याची धाप ओसरल्यावर आम्ही उतरलो.

"तो पोहोचला नाही," मी सचिवाला सांगितले. "करारात तंदुरुस्तीची अट नाही. त्याला त्या कारणावरून काढायचे असेल, तर तसे सहीनिशी लेखी द्या. मी ते कामगार आयुक्तांकडे पाठवीन आणि सोबत लिफ्टसमोरच्या सिगारेटविषयीच्या माझ्या तीन पत्रांच्या पोचा जोडीन. त्यांवर साइन आपलीच आहे."

सचिवाने इतर सदस्यांकडे पाहिले. तसे लेखी द्यायला कोणी तयार झाले नाही. सोमवारी बाबा आमच्या खालच्या केबिनमध्ये परत आला, बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करण्याच्या कामावर. फेऱ्या नव्या माणसाकडे गेल्या. मी त्याला छातीच्या डॉक्टरकडे दोनदा नेऊन आणले. विडी कमी झाली आहे, सुटलेली नाही. आता तो भिंतीपलीकडे जाऊन ओढतो, तरी थोडा वास वर येतोच.

बायको दार लावून घेते, पण कान तिकडेच असतो. खोकला ऐकू आला की म्हणते, "आले हो तुमचे बाबा."

"बावन्न," मी दर वेळी दुरुस्त करतो. गेल्या महिन्यापासून त्रेपन्न.