हौदातलं कातडं

माझी बायको चाळीस वर्षं माझ्यासोबत राहिली आणि हे ऐकल्याशिवायच गेली. पोरांना ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट कळत नाही. बसा जरा.

वाशीमजवळ आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर. दुपारी माणसं जेवून आडवी व्हायची, तेव्हा मी ढाली करत बसायचो. हो, ढाली. लढायला नव्हे, भिंतीवर टांगायला. दसऱ्याला पाटलांच्या घरी शस्त्रं पुजायला मांडायचे, त्यात एक काळी ढाल असायची. ती पाहिल्यापासून तो नाद लागला. पांगाऱ्याच्या फळ्या जोडायच्या, वाकसानं तासून मधोमध फुगीर करायच्या – इथवर मला यायचं. पण कातडं? ते मला सखारामनं शिकवलं.

सखाराम गावातल्या विहिरींच्या चामडी मोटा शिवायचा. आमची मोटही त्याच्याच हातची. घर गावाच्या पार कडेला. मोट दुरुस्त करायला आला की आंब्याखाली बसायचा, आणि माझी लाकडं पाहून एकदा म्हणाला, “नामदेवभाऊ, याले कातडं ओलंच चढवा लागते. वाळलं का आपोआप आवळते.”

तेव्हापासून पाच-सहा वर्षं... काय सांगू? तो कातडं ताणून धरायचा, मी कडेनं वादी ओवायचो. मग वाळलेल्या ढालीवर तो अंगठा वाजवायचा, कान लावून ऐकायचा आणि मान हलवायचा. ती मान हलली की माझा दिवस चांगला जायचा. आम्ही फार बोलत नसू. तशी दुपार मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

गावच्या विहिरी आटल्या होत्या. आमच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून बाया आमच्या हौदावर घागरी भरायच्या. मला त्याच दिवसांत मोठी ढाल करायची हौस आली. सखारामसोबत जाऊन म्हशीचं कच्चं कातडं आणलं. ते भिजवायला मोठं भांडं हवं होतं. सखाराम म्हणाला, “उद्या मी घरून रांजण आणतो. हौदात नोका टाकू भाऊ, लोकं पाणी पेतात.”

ऐकायला काय जात होतं माझं? पण मला धीर नव्हता. संध्याकाळी बाया पाणी भरून गेल्या, तेव्हा मी ते कातडं हौदात सोडलं. पहाटे काढून घेऊ, म्हटलं. आणि पहाटे मला जाग आली नाही. एवढंच. इतकी साधी गोष्ट.

सकाळी हौदाभोवती अर्धं गाव उभं होतं. कातडं काठावर काढून ठेवलेलं. पाटील म्हणाले, “नामदेव, हे कोणाचं?”

माझं म्हणायला हवं होतं. दोनच अक्षरं. लोकांनी शिव्या दिल्या असत्या, हौद उपसायला लावला असता, जातवाल्यांनी दंड केला असता. पण माझ्या डोक्यात आलं – कातड्याला हात लावणाऱ्या माळ्याची भाजी मग कोण घेईल? गावाला वाटायचं, मी नुसतं लाकूड तासतो, कातडं सखारामच चढवतो.

मी म्हणालो, “मले काय मालूम. सखाराम येत असते इथं.”

हे खोटं होतं का? तो येत असे, हे खरंच होतं. मी त्या खऱ्याच्या आडोशाला लपलो.

सखारामला बोलावून आणलं. त्यानं कातडं पाहिलं, मग मला पाहिलं. पाटलांनी विचारलं तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, “नामदेवभाऊले विचारा. ते खरं सांगतीन.”

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी – हे आज पहिल्यांदा तोंडातून काढतोय – मी म्हणालो, “त्यानंच टाकलं.”

गावानं त्याला मोटा देणं बंद केलं, खळ्यावरचं धान्य बंद केलं. पाऊस पडायच्या आत बायको आणि लेकीला घेऊन तो गाव सोडून गेला. कुठे, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. भाजी घेऊन वाशीमला गेलो की मात्र बाजार आटोपून उगाच स्टेशनावर जाऊन उभा राहायचो. गाडीतून उतरणारी माणसं पाहायचो. उतरला असता तर काय बोललो असतो, कोणास ठाऊक.

ढाली नंतरही दोन केल्या. कातडं सैल राहिलं. अंगठा वाजवून पाहिला, मान हलवणारं कोणी नव्हतं. मग सोडून दिलं.

बऱ्याच वर्षांनी कारंज्याच्या बाजारात तो दिसला. झाडाखाली बसून वहाणा शिवत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, बोटांनी चाचपून टाका घालत होता. मी समोर बसलो आणि पायातली वहाण काढून दिली. सांगायचंच, असं ठरवून बसलो होतो.

“अंगठा ढिला झाला,” मी म्हणालो.

तो थांबला. “आवाज वळखीचा वाटते. गाव कोणतं तुमचं?”

“रिसोडकडचा,” मी खोटंच सांगितलं.

“हां.” त्यानं आरी घातली, दोरा ओढला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “आमच्या गावी एक जण होते, असेच बोलत. ढाली करत. हात लई चांगला होता त्यायचा. आता करतेत का नाही, कोणाले मालूम.”

त्यानं टाका घट्ट करून वहाण माझ्यापुढे धरली. मी ती पायात घातली आणि बाजारातून चालत निघून गेलो.